डाग न दिसणारा रंग

रेक्झिनचं कॅटलॉग घरात आलं त्या संध्याकाळी आमच्याकडे प्रत्येकाला रंगातलं कळायला लागलं.

कॅटलॉग म्हणजे तारेत ओवलेले रेक्झिनचे तळहाताएवढे तुकडे. नव्या जीपमध्ये येतो तसा त्यांना वास. बंटीभाऊजींनी ते यवतमाळच्या सीटकव्हरवाल्याकडून आणलं आणि मी मेथी निवडत होते त्या परातीशेजारी ठेवलं. बंटीभाऊजी म्हणजे कपिलचे, माझ्या नवऱ्याचे, चुलतभाऊ. दोघांनी मिळून या वर्षी गावाजवळच्या धरणावर बोटिंगचा ठेका घेतला होता. जुनी, फायबरची, आठ माणसं बसतील अशी बोट श्रावणात ट्रकवरून आली, तेव्हापासून ती शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये पडून होती. बोट बरी होती म्हणे. सीटं मात्र फाटून आतला स्पंज बाहेर आलेला.

"वहिनी, तुमची पसंत चांगली हाय," भाऊजी म्हणाले. "दसऱ्याच्या आत सीटं शिवून व्हाले पाह्यजे. तुम्ही फक्त रंग सांगा."

त्यातलं 'फक्त' मला खटकलं. मी बी.एस्सी. आहे, आणि ज्या बोटीत माझी मुलगी बसणार ती मी एकदाही धड पाहिली नव्हती. कधी शेडला कुलूप असायचं, कधी चाबी यवतमाळला गेलेली असायची.

"भगवा नको," सासरे म्हणाले. विठ्ठलरावांचं शेतावर चालतं तसं घरातही चालतं, पण ते आवाज चढवत नाहीत. "भगवा घेतला त एका पार्टीचे लोक फोटो काढाले येईन. निळा घेतला त दुसऱ्या. हिरव्याचं मी बोलतच नाई. आपल्याले साऱ्यायची तिकिटं काढायची हायेत."

"काळा बी नको," सासूबाई आतून म्हणाल्या. "पाण्यावर काळं कायले नेता?"

"लाल घ्या, पांढऱ्या पायपिंगचा," भाऊजी म्हणाले. "आपल्या ट्रॅक्टरसारखा."

तेवढ्यात कपिल हात पुसत आले. उभ्यानंच त्यांनी कॅटलॉग उलटलं, जणू पान आधीच माहीत होतं. "हा घ्या. कॉफी कलर. डाग दिसत नाई. आन् सीटं स्क्रूनं पक्की मारून टाका, उघडझाप नको."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. या माणसानं मागच्या दिवाळीला मला आणलेली साडी कोणत्या रंगाची, असं विचारलं तर तो लाल म्हणतो. साडी जांभळी आहे. आता त्यांना कॉफी आणि चॉकलेटी यांतला फरक कळत होता. हे भाऊजींनी पढवलंय, असं मी मनात धरलं. भाऊजी माझ्याकडे न बघता मोबाइलमध्ये हसत होते.

"पहिली फेरी खुशीची," सासरे म्हणाले, म्हणजे तो विषय संपला.

आमच्या घरात चालणारं काहीही नवं आलं की त्यावर आधी घरची मुलगी बसते. ट्रॅक्टर आला तेव्हा माझी नणंद वर्षा बसली होती, जीप आली तेव्हाही तीच. आता वर्षाताई राळेगावला नांदतात आणि घरात मुलगी एकच, माझी. चार वर्षांची. दसऱ्याला पूजा होणार, नारळ फुटणार, आणि खुशी सगळ्यांत पुढच्या सीटवर बसून धरणात फेरी मारणार. पत्रिका छापायला गेल्या होत्या. लाइफ जॅकेटं आली होती, पण सगळी मोठ्यांची. मी एक तिला घालून पाहिलं. तिनं दोन्ही हात वर केले आणि ते सरळ डोक्यावरून निघून आलं. तिला तो खेळ वाटला. तिनं तो पुन्हा पुन्हा केला.

"लहान साइज सांगतली हाय," भाऊजी म्हणाले होते. तीही अजून आली नव्हती.

मी मुळातच अशी आहे. सीताफळाची बी स्वतः काढल्याशिवाय खुशीच्या हातात गर देत नाही. पंखा सुरू करण्याआधी त्याच्याकडे एकदा बघते. सासूबाई म्हणतात, हिले भिंतीवरही भरोसा नाही. असेल. पण ज्या घरात पाच माणसं एका बोटीबद्दल बोलतात आणि तिच्या पोटाबद्दल एकही बोलत नाही, तिथं मी दुसरं काय करू?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॅटलॉग गच्चीवर नेलं. तारेतून तुकडे सोडवून टिनावर ओळीनं मांडले आणि खुशीचं दूध गरम आहे का ते बघते तसं मनगटाच्या आतल्या बाजूनं एकेक तपासला. कॉफी कलर हात लावू देईना. भादव्यातल्या उन्हात ही गत, तर एप्रिलमध्ये फ्रॉकातल्या पोरीच्या मांड्यांचं काय होईल? फिकट पिवळा आणि मोतिया जेमतेम कोमट. मग वाटीत पाणी घेऊन सगळे उलटे बुडवले. पातळ रेक्झिनला मागून कापड असतं, ते पाणी पिऊन फुगलं. दोनच तुकडे असे होते की पाणी झटकलं आणि मागची बाजू जवळजवळ कोरडी झाली. ते बोटीसाठीचे, असं मागे छापलेलं होतं. मोबाइलवर वाचलं तर त्यांना ऊन सोसतं, बुरशी धरत नाही. कपिलनं निवडलेला कॉफी साधा, स्कूटरच्या सीटचा होता.

म्हणजे रंग महत्त्वाचा आणि माल कसाही. हे उलटं होतं.

"मी येते यवतमाळला," मी भाऊजींना सांगितलं. "दुकानदाराशी मला बोलायचं आहे."

"तुम्ही कायले ऊन खाता वहिनी, फोनवर सांगा ना."

"रंग फोनवर कळत नाही."

खुशीला सासूबाईंपाशी ठेवून मी जीपमध्ये बसले. कळंब येईपर्यंत भाऊजींना दोनदा फोन आला. दोन्ही वेळा ते "अबे मंग सांगतो, वहिनी हाय संग" म्हणाले आणि ठेवला. मी खिडकीतून सोयाबीन बघत होते. कान मात्र आतच होते.

आर्णी रोडवरचं खेमसिंगचं दुकान म्हणजे रस्त्यावर पसरलेली सीटं. ट्रॅक्टरची, ऑटोची, बुलेटची. बोटीची त्यानं आजवर शिवली नव्हती, हे त्यानं आधीच सांगून टाकलं.

"पण बसणारे त सारखेच ना मॅडम," तो म्हणाला. "ट्रॅक्टरवर बसो का बोटीवर."

"ट्रॅक्टरच्या सीटमध्ये पाणी मुरत नाही, खेमसिंगभाऊ. स्पंज कोणता टाकणार?"

"हाच. पिवळा. गादीवाला."

"तो पाणी पितो. एकदा भिजला की दिवाळीपर्यंत ओला. दुसरा मिळतो, बंद छिद्रांचा, जिमच्या चटईसारखा. तो टाका. धागा नायलॉनचा घ्या, सुती सडतो. आणि या पिना गंजतील, स्टीलच्या लागतील."

तो भाऊजींकडे वळला. "भाऊ, घरी मास्तरीणबाई ठेवली का तुम्ही?"

"आमच्याकडं गहूही प्रश्न इचारून दळते," भाऊजी म्हणाले. दोघं हसले. मीही थोडं हसले. हसल्यावर माणसं मोकळी बोलतात.

सीटांच्या फळ्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. बोटीत आडवे डबे असतात, त्यांची झाकणं म्हणजे या फळ्या, आणि फळ्यांवर गाद्या. खेमसिंगनं एक उलटी केली. खालच्या बाजूला पिवळट सरसाचे वाळलेले पट्टे होते, आणि सरसात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे चिकटलेले.

"हे पाहा मॅडम. याच्या खाली कायतरी चिपकून होतं. मी इचारलं, आत काय होतं म्हणून. कोणी सांगत नाई."

"आत काय होतं, भाऊजी?" मी विचारलं.

"काही नाई. डबा हाय. रिकामा." त्यांचा मोबाइल वाजला आणि ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले. तिथून काहीतरी हातानं लिहून दाखवल्यासारखं करत बोलत राहिले.

मी एक दाणा नखानं काढला. थर्माकोल.

पितृपक्ष लागला होता, म्हणून कापड कापायचं नव्हतं. सासूबाईंची ताकीद होती: निवडा काय निवडायचं ते, पण कैची घट बसल्यावरच लावा. खेमसिंगनं म्हणून खाकी कागदाचे फर्मे कापून माझ्या हाती दिले, बोटीच्या डब्यांच्या आकाराचे. "घरी बसून शिलाई कुठून, पायपिंग कुठून, खुणा करून आणा. नंतर माझ्या नावानं ओरडू नका." एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला बोटीच्या पोटासारखे गोलाकार, असे ते फर्मे मी गुंडाळी करून मांडीवर धरले.

येताना मी गाडीत विचारलं, "मला बोट दाखवता का आज? शेडवरून जाऊ."

"आज नाई."

"उद्या?"

"वहिनी, दसऱ्याले पाहा ना एकदाच." ते कानापर्यंत लाल झाले होते.

त्या आठवड्यात मी झोपले थोडी आणि विचार जास्त केला. जुनी बोट कोणी विकायला काढतं ते का? आधी बुडालेली असेल? डब्यातलं काय काढलं आणि का? कॉफी रंग म्हणजे डाग लपवायचा रंग, आणि पक्के स्क्रू म्हणजे आत कोणी बघू नये. सगळे धागे भाऊजींकडे जात होते. कपिलला मी रोज सांगत होते. "बंटीभाऊजी काहीतरी लपवतात."

"तू त्याच्यावर काहून डाऊट घेऊन राह्यली?" कपिल म्हणायचे. "लहानपणापासून पाह्यतो त्याले. त्याच्या पोटात बोरही राहत नाई."

"मग तुम्ही मला बोट दाखवा."

"पाहू," म्हणायचे, आणि कूस बदलायचे.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सासूबाईंना घट मांडायला पाट हवा होता, म्हणून मी माळ्यावर चढले. पाटावर महालक्ष्म्यांच्या पायऱ्या ठेवलेल्या होत्या. आमच्याकडे महालक्ष्म्यांसमोर सात पायऱ्यांची आरास असते. पुठ्ठे, खोकी, फ्रिजमधला थर्माकोल, मिळेल ते वापरून, वरून सोनेरी कागद. या वर्षीच्या पायऱ्या कशा ठाम बसल्या, म्हणून गल्लीतल्या बायकांनी नावाजल्या होत्या. मी एक उचलली. उंदरानं कोपऱ्याचा कागद खाल्ला होता. आतून पांढरे दाणे दिसत होते, पण फ्रिजमधल्यापेक्षा घट्ट. आणि जी बाजू भिंतीकडे लपलेली असायची ती गोलाकार होती.

मी माळ्यावरच बसले. मग खाली आले, फर्म्यांची गुंडाळी आणली आणि त्यातला एक पायरीवर पसरला. सरळ बाजूला सरळ, गोलाला गोल. कडेला बोटभर जास्त होता, शिलाईसाठी सोडलेला तेवढाच.

"आई, या पायऱ्या कुठून आल्या?"

"पोरायनं आणून देल्ल्या," सासूबाई खालून म्हणाल्या. "पॅकिंग होतं म्हणे बोटीचं. तुले पाट सापडला का नाई?"

पॅकिंग. मी मोबाइल काढला आणि बोटीचं पोट, थर्माकोल, सीटखाली, असं सगळं शोधलं. बोट एरवी तरंगतेच. पण पाणी आत शिरलं की फायबर बुडतं, आणि तेव्हा सीटखालचा हाच थर्माकोल तिला वर धरून ठेवतो. तो नसला की बोट खाली जाते, माणसांना धरायलाही काही उरत नाही. हे काढायचं नसतं. कधीच नाही.

आणि आम्ही त्यावर महालक्ष्म्यांचा फराळ मांडला होता.

पायरी स्कूटीच्या पुढ्यात उभी धरून मी शेताकडे निघाले. पारावरच्या पंजाबरावांनी हाक मारली, "काय सूनबाई, महालक्ष्म्या आता?" मी थांबले नाही.

शेडचं दार उघडं होतं. भाऊजी बोटीच्या तोंडाशी गुडघ्यावर बसले होते. मला पाहताच त्यांनी हातातलं काहीतरी टाकलं आणि बोटीवर पोतं ओढलं.

"वहिनी, इकडं नका येऊ, अजून–"

मी सरळ बोटीत चढले. डबे उघडे होते, चारही, आणि चारही रिकामे. एकात मजुराचा पाण्याचा कॅन ठेवलेला. पहिल्या डब्यात पायरी बसली नाही. दुसऱ्यात ती खाली सरकली आणि कच्च असा आवाज करून बसली. सोनेरी कागद वर.

"हे कोणी काढलं?" मी विचारलं.

"काय होय हे?"

"भाऊजी, मला बनवू नका. ही बोटीला वर धरणारी वस्तू आहे. पाणी आत आलं, सगळे एका बाजूला फोटो काढायला सरकले, तर ही बोट गोट्यासारखी खाली जाईल. तुम्ही हे काढलं, वरून स्क्रू मारायला सांगितले, मला बोट बघू दिली नाही. आणि पहिल्या फेरीला माझी पोरगी."

ते खालीच बसले, मातीत. तोंड असं झालं की मला त्या क्षणी कळलं, यांना काही माहीत नाही.

"मी त इंजिन आणाले दारव्ह्याले गेलतो तवा," ते म्हणाले. "वापस आलो त डबे रिकामेच होते. मले वाटलं असेच असतात."

मग त्यांनी माझ्या मागे पाहिलं. मीही वळले. दारात कपिल उभे होते. सोयाबीन काढून आलेले, केसांवर, खांद्यावर फोलपटं. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"मी काढले," ते म्हणाले. "पॅकिंग समजलो. फ्रिजसंग येते ना, तसं. आईनं मागतले, देऊन देल्ले."

एवढं मला समजण्यासारखं होतं. आमच्याकडे खोकंसुद्धा कोणी फेकत नाही. मी जवळजवळ सोडून दिलं असतं.

"आणि कळलं कधी?" मी विचारलं.

ते बाहीवरचं फोलपट काढत राहिले.

"कळलं कधी ते सांगा."

"खेमसिंगकडं फळ्या घेऊन गेलतो. त्यानं इचारलं, खाली काय होतं. मंग मोबाइलवर पाह्यलं."

"म्हणजे कॅटलॉग घरी येण्याआधी."

मला त्यांनी कॅटलॉग उलटलं ते आठवलं, उभ्यानं, घाईनं. कॉफी कलर. उघडझाप नको. रात्री मी शेजारी पडून बंटीभाऊजींची एकेक गोष्ट सांगत होते आणि हा माणूस हूं हूं करत होता.

"बसवणारच होतो," कपिल म्हणाले. "दसरा झाल्यावर. पत्रिका वाटून झाल्या. बाबायनं साऱ्या गावात सांगतलं. आता कोणत्या तोंडानं सांगू का मीच काढून टाकलं, आन् महालक्ष्म्यायच्या खाली मांडलं? एक फेरी त होती. काठाकाठानं. जॅकेट हाये."

"खुशीचं जॅकेट कुठे आहे?"

"येईन दोन दिवसांत."

"घरी जा. मोठं आहे ते तिला घाला. आणि तिला हात वर करायला सांगा."

कपिलनं खाली पाहिलं. बंटीभाऊजी उठले. "दादा, मले त सांगायचं. मी चालवणार होतो ना बोट."

ते वळले आणि बोटीच्या तोंडावरचं पोतं त्यांनीच ओढून काढलं. आता लपवून काय करायचं, असं काहीसं. पांढऱ्या फायबरवर निळ्या रंगात मोठं लिहिलं होतं, अजून ओलं. खुशी. शेवटच्या वेलांटीचा रंग पोत्यानं पुसला गेला होता.

"पेंटरले इचारून इचारून लिहिलं," ते म्हणाले. "तुमच्यासाठी सरप्राइज होतं."

मी पदरानं तो ओघळ टिपला, तर पदराला निळा रंग लागला आणि अक्षर आणखी बिघडलं.

"राहू द्या वहिनी," ते म्हणाले.

जेवताना कपिलनंच सांगितलं. मी तशी अट घातली होती: सगळ्यांसमोर, तुमच्या तोंडानं, काही न गाळता. विठ्ठलरावांनी भाकरी अर्धी ठेवली, हात धुतला, आणि बराच वेळ टॉवेलला पुसत राहिले.

"फेरी होत नाई म्हणता," ते म्हणाले. "मंग पोरगी बसन कुठं?"

"बोटीतच बसन," सासूबाई म्हणाल्या. "ट्रॅक्टर आला तवा वर्षा बसली, त का वर्षानं नांगरलं होतं? ट्रॅक्टर जागीच उभा होता. बोट बी उभी राहीन. काठावर."

"लोक हसतीन."

"हसू द्या. बोटीच्या चार पायऱ्या मी देऊन टाकतो. पुढच्या वर्षी विटांच्या करीन."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पण वाढताना खुशीच्या ताटात त्यांनी सीताफळाचा गर ठेवला. बी काढलेला.

घट बसल्यावर मी खेमसिंगला फोन केला. फिकट पिवळा, बोटीचाच माल. फळीला स्क्रू नाही. पुढे धरायला पट्टा, खाली वेल्क्रोची चिकटपट्टी, कोणीही एका हातानं उचलून आत बघेल अशी.

"पिवळ्यावर डाग दिसन, मॅडम."

"दिसू द्या."

"आन् भाऊ म्हणले होते, कॉफी."

"भाऊ आता पिवळा म्हणतात. विचारा त्यांना."

फोन मी कपिलच्या हातात दिला. "हो, पिवळाच," ते म्हणाले.

दसऱ्याला बोट ट्रॉलीवर चढवून धरणाच्या काठावर उभी केली. झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, हळदकुंकू. निळ्या नावातला बिघडलेला भाग भाऊजींनी पुन्हा रंगवला होता, पण नीट पाहिलं की कळत होतं. गावातले लोक सोनं द्यायला येत होते आणि येताना पाण्याकडे पाहत होते.

"काय बंटी," पंजाबराव म्हणाले, "बोट हाय का मांडव?"

"काका, पाण्यात जाईन तवा पहिलं तिकीट तुमचंच काढतो," भाऊजी म्हणाले. "सध्या दर्शन घ्या."

माझ्याशी ते त्या दिवसापासून कमी बोलत होते. वाईट नाही, कमी.

खुशीला कपिलनं उचलून पुढच्या सीटवर बसवलं. उन्हात पिवळं सीट उजळलं होतं. मी मनगट लावून पाहिलं. कोमट. सासऱ्यांनी नारळ फोडला. खुशीनं दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरला आणि समोर पाहिलं. पाणी पन्नासेक पावलांवर होतं.

"आई, निघालो का?"

"अजून नाही."

"मग कधी?"

मी तिला उचलून कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं सीटचा पट्टा ओढला. फळी वर आली. आत सोनेरी कागद चमकला, उंदरानं खाल्लेल्या कोपऱ्यासकट. नवे थर्माकोल यायचे होते. तोवर जुनेच भाऊजींनी पुन्हा बसवले होते, कपिलनं काल मला एकेक डबा दाखवला होता.

"कालच त दाखवलं ना," कपिल हळूच म्हणाले.

"हो," मी म्हटलं. खुशीला त्यांच्या हातात दिलं, आणि उरलेल्या तीनही फळ्या उचलून पाहिल्या.